मेलेल्या माणसाचं पत्र

सरांचं पुस्तक हातात पडल्यावर देवानंदनं आधी आभाराचं पान उघडलं. सरांच्या बायकोचं नाव होतं. कुत्र्याचंसुद्धा होतं. देवानंदचं नव्हतं.

आठवडाभर औषधाच्या कंपनीत नोकरी, आणि दोन वर्षं प्रत्येक शनिवारी नेपरव्हिलहून ट्रेननं शिकागोची लायब्ररी. १९४१ साली अमेरिकेनं युद्धात पडावं की नाही, यावर भांडणाऱ्यांची जुनी पत्रं. एका पत्राला एक कार्ड, अशी सहाशे कार्डं त्यानं या पुस्तकासाठी लिहून दिली. प्रोफेसर शैलेंद्र सरांनी शब्द दिला होता, कव्हरवर दोघांची नावं.

फोन केला तर सर म्हणाले, "अरे, तुझ्याकडे इतिहासाची डिग्री नाही, पब्लिशर ऐकेना. आणि तुम्हा लोकांना सगळं लगेच कसं हवं असतं यार?"

तुम्हा लोकांना! देवानंदनं फोन ठेवला आणि पेन्सिल घेऊन पुस्तक वाचायला बसला.

एकशेबाराव्या पानावर तो थबकला. युद्धाला विरोध करणाऱ्या एका गावच्या संपादकाचं पत्र, तारीख ३ मे. सरांनी त्यावर अख्खं प्रकरण उभं केलेलं. पण हा संपादक तर एप्रिलमध्येच वारला! मृत्यूची बातमी देवानंदच्या वहीत होती, ती वही सरांना दिलीच नव्हती. त्यानं आपल्याकडची कार्डाची कार्बन कॉपी काढून पाहिली. ५/३/४१. पाच मार्च. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. वीस वर्षांत सर इतके अमेरिकन झाले होते की महिना आधी वाचून मोकळे!

मग पुस्तकात वापरलेल्या बाकीच्या पत्रांच्या तारखा तपासल्या. तेरा तारखेपासून पुढच्या सगळ्या बरोबर, तेरावा महिना नसतोच. बारा तारखेपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या उलट्या, सत्तेचाळीस.

"पत्र टाका त्यांना," त्याची बायको सुजाता म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत सुधारतील."

"म्हणजे फुकटात प्रूफंही तपासून देऊ?"

तो थांबला. कॉलेजात या पुस्तकावर सरांचं भाषण होईपर्यंत, अकरा आठवडे. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. प्रश्नांची वेळ आली तसा उठला.

"सर, हे तीन मेचं पत्र तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"अर्थातच."

"माणूस बारा एप्रिलला गेला." त्यानं बातमीची झेरॉक्स अध्यक्षांसमोर ठेवली.

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. सर म्हणाले, "टायपो असेल."

"अशा सत्तेचाळीस आहेत. यादी आणलीय."

अध्यक्षबाईंनी यादी वाचली, चष्मा काढला. "प्रोफेसर, मूळ पत्रं तुम्ही बघितलीत की नाही?"

सर घामाघूम. हो म्हणावं तर मेलेला माणूस लिहितोय. नाही म्हणावं तर... देवानंदला घाई नव्हती. गोड वाटत होतं, अगदी जिभेवर.

"कार्डं... कार्डं दुसऱ्यानं केली होती," सर पुटपुटले.

"कुणी?" बाईंनी विचारलं.

सरांनी देवानंदकडे बघितलं. डोळ्यांत विनवणी होती. देवानंदनं मान हलवली नाही.

"देवानंद कांबळे."

"माइकमध्ये बोला सर," देवानंद मराठीत म्हणाला. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."