सईबाईच्या गाठीतलं लोखंड

दोष तुमचा आहे. नाव न सांगता नुसता शिक्का मारणाऱ्या तुम्हा सगळ्या समितीवाल्यांचा. तुम्ही एका बाईच्या अंगात लोखंड सोडू दिलंत, ते कुठे जाऊन बसलं ते डोळे भरून पाहिलंत, त्याचं चित्र काढून घेतलंत, आणि गाठ जाळायची वेळ आली तेव्हा नियमाचं पुस्तक उघडलंत. आता काय झालं ते ऐका.

सईबाई तंजावरची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, वय एकसष्ट. गळ्याच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. गाठ हलायला तयार नाही. शेवटी चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या पुढे एका संशोधन केंद्रात नव्या उपचाराची चाचणी चालू होती, तिथे तिचं नाव लागलं. उपचार सांगायला सोपा. लोखंडाचे कण, एका केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक, साखरेसारख्या लेपात गुंडाळून शिरेतून सोडायचे. ते गाठीत जाऊन साचतात. एमआरआयमध्ये तेवढीच जागा शाई सांडल्यासारखी काळी दिसते. मग बाहेरून चुंबकाचा जोर झपाझप उलटसुलट करायचा, की तेच कण तापतात आणि गाठ आतून शिजते. दाखवणारे तेच, मारणारे तेच. अडचण एकच. कण गाठीत चार दिवस टिकतात. मग ते पांगून यकृताकडे जातात. आणि सईबाईचं यकृत केमोने आधीच थकलेलं. दुसरा डोस तिला झेपणार नाही, हे तिथल्या डॉ. जननीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

ते कण बनवणारा व्यासराज. केंद्रातला तंत्रज्ञ, बत्तीस वर्षांचा. बाटली हलवून, गाळून, मोजून, पुन्हा गाळून एकेक खेप तयार करायची हे त्याचं काम. रुग्णाशी त्याचा काही संबंध येत नाही. यायला नको होता.

सोमवारी दुपारी बाराला सईबाईला इंजेक्शन दिलं. त्याआधी तासभर ती बाहेरच्या बाकावर बसून होती. व्यासराज तिथूनच आईशी फोनवर बोलत गेला आणि म्हातारीचे कान उभे राहिले. चेन्नईत आपली बोली कानावर पडली की तंजावरच्या मराठी माणसाला राहवत नाही.

"तूं कुणांपैकी रे?" तिने विचारलं.

झालं. मूठभर लोकांचा समाज. दोन मिनिटं बोललं की नातं निघतंच. तिच्या आत्याच्या दिराचा नातू म्हणजे ह्याच्या चुलत मामीचा भाऊ. व्यासराज वाकला, पाया पडला, "मावशी" म्हणाला. तिचे हात थरथरत होते ते थांबले.

मंगळवारी एमआरआय झाला. गाठ अशी काळी उठून दिसली की डॉ. जननी खुर्चीतून उभीच राहिली. त्या वेळी चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नैतिक समितीचा एक निरीक्षक तिथे आलेला होता. त्याच्याकडे बघत, व्यासराजकडे बोट दाखवत, सईबाई तमिळमध्ये अभिमानाने म्हणाली, "औषध ह्याने केलंय. आमचा मुलगा. माझा भाचा."

निरीक्षकाने वही उघडली.

बुधवारी सकाळी दहाला गाठ तापवायची होती. नऊ वाजता समितीचं पत्र आलं. ज्याने औषध बनवलं त्याचा नातेवाईक चाचणीत चालत नाही, उपचार स्थगित.

आणि आता गुरुवार. नुंगंबाक्कममधल्या समितीच्या कार्यालयात व्यासराज सकाळी साडेनऊपासून येरझाऱ्या घालतोय. शिपाई बस म्हणतो, तो पुन्हा उठतो. तिकडे, त्या गळ्यात, त्याने गाळलेले कण एकेक करून निघून चाललेत. किती उरले असतील याचा हिशेब त्याला येतो, आणि म्हणूनच त्याच्याने बसवत नाही. उद्या बारानंतर ते चुंबक फिरवलं काय आणि पंखा फिरवला काय, सारखंच.

पावणेएकला सचिवांनी आत बोलावलं, धाकट्या भावाला हाक मारावी तसं तमिळमध्ये.

"तंबी, पाणी पी. नातं आहे की नाही, एवढं सांग. फॉर्मवर दोनच चौकोन आहेत."

"सर, आत्याच्या दिराचा नातू, त्याची..."

"म्हणजे आहे."

"ह्या हिशेबाने तंजावरातली अर्धी मराठी वस्ती माझी नातेवाईक आहे. सोमवारपर्यंत मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं."

"मग नाही म्हण. तसं लेखी दे."

कोरा कागद पुढे आला. व्यासराजने पेन उघडलं आणि हात अडला. बाकावर थांबलेले ते हात त्याला आठवले. तेवढ्यात फोन वाजला. सईबाईच.

"व्यासू, तूं जेवलास कीं नाहीं?"

"मावशी, इथे लिहून द्यायला सांगतायत. तुम्ही माझ्या कुणी नाही म्हणून."

पलीकडे म्हातारी हसली.

"सेरि, बरं, लिही. माझा नवरा सगळा जन्म माझ्या माहेरच्यांविषयीं तेंच म्हणत आला, कोण मेलें? तूं लिही, आणि मग जेव."

त्याने लिहिलं. सदर महिला माझी कुणी लागत नाही. खाली सही, तारीख. कागद त्याने न बघताच सरकवला.

सचिवांनी कागद वाचला, फाइलला लावला. "छान. मंगळवारच्या बैठकीत ठेवतो."

"मंगळवार? सर, कण उद्या बारापर्यंतच आहेत. डॉक्टरांनी कालच कळवलंय तुम्हाला."

"पत्र मिळालंय. पण बैठक मंगळवारी असते."

व्यासराजची नजर भिंतीकडे गेली. तिथे छपाईहून आलेलं मोठं पोस्टर टेकवून ठेवलं होतं, सोमवारच्या परिषदेसाठी. मधोमध एका गळ्याचं करडं चित्र आणि डाव्या बाजूला शाई सांडल्यासारखा काळा डाग. खाली इंग्रजीत यशाच्या चार ओळी. त्या डागाची कड त्याने झोपेतही ओळखली असती. मंगळवारच्या एमआरआयमधली.

"ही सईबाई आहे," तो म्हणाला.

"नाव नाही छापलं. त्याला परवानगी आहे."

"कोणी दिली?"

"समितीने. काल."

"बैठक मंगळवारी असते ना?"

सचिवांनी चष्मा काढला, पुसला. "तंबी, आवाज खाली. ते फिरत्या कागदावर झालं, सगळ्यांच्या सह्या घेऊन. घाईचं होतं."

बाहेरून शिपायाने दारातून डोकावून पाहिलं. व्यासराज खुर्चीवरून उठला, पण दाराकडे गेला नाही. त्याने पोस्टर उचललं आणि सचिवांच्या टेबलावर, त्या फाइलवर, त्याच्या त्या खोट्या कागदावर आडवं ठेवलं.

"माझी नातेवाईक म्हणून तिची गाठ जाळायला माझं लोखंड चालत नाही, आणि चित्राला तेच लोखंड चालतं. असू दे. तसाच एक कागद आज फिरवा. किती सह्या लागतात, कुणाकुणाच्या, पत्ते द्या, मी घरोघर जातो. आणि फिरवणार नसाल तर कुणी फिरवला नाही त्याचं नाव द्या. मला म्हातारीला सांगायचंय." त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले. "सव्वा वाजलाय. कुणाचं नाव सांगू?"