ललितचा आवाज खाली आणताना

आमच्या 'बारागाड्या' बँडचा आवाज बदलला म्हणून गळे काढणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. इतकी वर्षं तेच तेच वाजवायला आम्ही काय वरातीतले वाजंत्री आहोत? पण एकाची तक्रार माझ्या मनातून जात नाही, आणि तो आता नाही.

ललित आमचा गायक. जळगावात मेहरूणला हितेंद्रच्या वडिलांच्या केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत. हितेंद्र आमचा बेसवाला. एखादी खोली रिकामी झाली की आम्ही चौघं आत शिरायचो. भिंती इतक्या जाड, की मी ड्रम कितीही बडवले तरी शेजारी ओरडत नसत. बाजूच्या मालासाठी गार हवेचं मशीन मात्र चालूच असे. ते सारखं हूंऽऽ करायचं, आणि ललित आम्हाला गिटार त्याच्याशीच जुळवायला लावायचा. मशीनचा सूर किंचित उतरलेला होता, हे आम्हाला कोण सांगणार? सुरुवातीचे अल्बम सगळे त्याच उतरलेल्या सुरात. पुण्यातले लोक त्याला 'खानदेशी उदासी' म्हणायचे. डोंबल!

मग नाव झालं. स्टुडिओ आला, कीबोर्ड आला, ट्यूनर आला. सगळं अगदी बरोब्बर सुरात वाजायला लागलं. ललित कुरकुरायचा, "हे माझ्या तोंडात बसत नाही गं, सुलक्षणा." एकदा एकटाच जुन्या खोलीत गेला आणि मोबाइलवर एक गाणं गाऊन आला. ते बँडच्या सामायिक ड्राइव्हवर टाकलं, आणि थोड्याच दिवसांत त्या मोबाइलसकट हायवेवर गाडीखाली गेला.

आम्ही वाजवत राहिलो. आता आमचं संगीत संथ झालंय, निम्मं यंत्रांवरचं. त्यात ललितचं गाणं बसवायला भूषणने घेतलं. हा आमचा गिटारवाला. शहाण्याने मागची घरघर पुसली, एकेक ओळ ओढून ट्यूनरच्या सुरात आणली आणि मूळ फाइलवरच सेव्ह करून बसला. दुसरी प्रत कुणाकडेच उरली नव्हती.

गाणं बाहेर काढायचं की नाही, ते ललितच्या आईने ठरवायचं होतं. सुमनबाई, आमच्या अक्का. तो गेल्यापासून त्यांनी त्याचं काहीच ऐकलं नव्हतं. परवा दुपारी धुळ्याहून भूषणच्या घरी आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मी त्याना आवाज ऐकाले उनू," अहिराणीत म्हणाल्या. फक्त त्याचा आवाज ऐकायला आल्या होत्या.

भूषणने गाणं लावलं. अक्का मान वाकडी करून ऐकत राहिल्या. मग आमच्याकडे बघितलं.

"हाऊ कोन शे?"

"ललित आहे, अक्का."

"हाऊ मना पोऱ्या नही शे."

भूषण पांढराफटक. काय केलंय ते त्याने कसंबसं सांगितलं आणि आवाजाचा सूर थोडा खाली आणला. अक्कांनी मान हलवली. "आखो खाले." त्याने आणखी उतरवला. ललितच्या खऱ्या सुराशी आम्ही पोचलो, मला नक्की कळलं, अंगावर काटा आला. हितेंद्रने डोळे मिटले.

"आखो खाले," अक्का म्हणाल्या.

"अक्का, हाच होता," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलंच नाही. भूषण उतरवत गेला. आवाज जाड झाला, थकला, शब्द ओढत चालू लागला. असा ललित कधीच गायला नव्हता. मला सरळ भीती वाटली.

"हां," अक्का म्हणाल्या. "हाऊ शे."

भूषणने माउसवरचा हात काढून घेतला.

"तुमना बठ्ठासना आवाज बदलना," आम्हा सगळ्यांवरून बोट फिरवत त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग त्याना बी बदलना."

त्या स्पीकरजवळ सरकल्या आणि त्याच्यावर हात ठेवला. ललित उशिरा घरी आला की जेवलास का म्हणून विचारायच्या, अगदी त्याच आवाजात विचारलं,

"जेवना का रे, भाऊ?"

ओळ संपली. दुसरी सुरू व्हायच्या आधी जरा रिकामी जागा होती. अक्का थांबल्या, कान देऊन ऐकलं, आणि समाधानाने मान डोलावली.