धाकूच्या होडीतली उशी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. माझ्या अंगाला बांगड्याचा वास येतो, पेट्रोलचाही येतो. मी उशी आहे. पण पलंगावरची नव्हे, केरी गावच्या धाकूच्या होडीतली.

माझा जन्म मात्र चांगल्या घरात झाला. धाकूच्या बायकोनं, सुमंगलानं, परसातल्या सावरीचा कापूस वेचला आणि एकेक बी बोटांनी काढून मला भरलं. त्या दिवशी घरभर कापूस उडत होता आणि धाकू शिंकून शिंकून बेजार झाला होता. निळ्या पट्ट्यांचा अभ्रा घालून सुमंगलानं मला थोपटलं आणि नवऱ्याला बजावलं, "होडयेत जरा पाठ टेकीत जा." केवढं कौतुक होतं माझं!

आणि या गृहस्थानं काय केलं? मला फळीवर टाकलं आणि माझ्यावर बसला! एक-दोन दिवस नव्हे, चांगली सहा वर्षं. उशी म्हणून जन्मले आणि पाट म्हणून झिजले. रागानं माझ्या कापसाच्या गाठी झाल्या. मग हळूहळू कारण कळलं आणि राग ओसरला.

धाकूला डोळे मिटायची भीती वाटायची. माझ्या जन्माआधी एकदा त्यानं चुलतभावाच्या, शांतारामच्या हाती इंजिनाचा दांडा दिला होता. आमच्या होड्यांचं सुकाणू तेच. धाकू जरा कलंडला न कलंडला तोच तेरेखोल नदीच्या तोंडाशी, वाळूच्या बांधावर लाटा फुटतात तिथे, होडी उलटली. दोघे पोहून आले, पण जाळी गेली. तेव्हापासून त्या दांड्याला तो कुणाचं बोट लागू देत नसे. निघताना किनाऱ्यावरच्या आजोबा देवाला हात जोडून "सगळा तुज्यार", म्हणजे सगळं तुझ्यावर, असं म्हणायचा, आणि होडीत बसला की पुन्हा मान ताठ.

त्याची मुलगी गौरवी मोपाच्या विमानतळावरची नोकरी सोडून त्याच्याबरोबर दर्यात यायला लागली होती. जाळं टाकायची, ओढायची, इंजिन उघडून दुरुस्तही करायची. दांडा मात्र बापाच्याच हाती. आणि अशात डॉक्टरांनी धाकूला काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं कमी झालंय, गेलेलं परत यायचं नाही. म्हणजे बाजूनं येणारी लाटच दिसायची नाही, बघा! धाकूनं ठरवून टाकलं, होडी विकायची. मोरजीचा एकजण पर्यटकांना फिरवायला घेणार होता. रविवारी पाहायला येतो म्हणाला.

"बाबा, माका दी दांडो," गौरवी म्हणाली. "माझ्यावर विश्वास नाय?"

"तुज्यावर आसा गो. दर्यावर नाय."

अहो, पळवाट ती! गौरवीचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात ओहोटीनं फेरीबोट अडकली, म्हणून नदीपलीकडच्या तेरेखोल गावच्या पिएदाद टीचर आमच्या होडीतून केरीला आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण बोलायला लागल्या की समोर वर्ग बसलाय असं वाटावं! त्यांची नजर माझ्यावर गेली.

"धाकू, उशीवर बसतोस? आमच्या बायबलात पण होडीत एक उशी आसा, तुका ठावक?"

मी कान टवकारले. कान नाहीत मला, पण टवकारले.

गोष्ट तशी सगळ्यांच्या ओळखीची. येशू आणि त्याचे शिष्य होडीतून निघतात, वादळ होतं, येशू वाऱ्याला दटावतो आणि पाणी शांत होतं. पण टीचर म्हणाल्या, नीट वाचलं तर गंमत आहे. ते वादळ येशूची कथा लिहिणाऱ्यांपैकी तिघांनी लिहिलं, उशी मात्र एकट्या मार्कानं टिपली. होडीच्या मागच्या बाजूला, उशीवर डोकं ठेवून येशू गाढ झोपला होता. त्याच्याबरोबर आणखी होड्या होत्या, हेही मार्कानंच लिहिलं. आणि घाबरले कोण? शिष्य, आणि त्यांच्यातले काही तर मुरलेले मासेमार! झोपला कोण? सुतार!

गौरवी खळखळून हसली. "आनी बाकीच्या होड्यांचं काय झालं, टीचर?"

"त्यांकाय शांत पाणी मिळालं असणार. त्यांनी मागितलंसुद्धा नव्हतं."

धाकूनं दांड्यावरची मूठ न सोडता विचारलं, "सुकाणूवर कोण होतो?"

इतकी वर्षं टीचरांनी ही गोष्ट शिकवली, पण हे कुणी विचारलं नव्हतं. "लिहिलेलं नाय रे," त्या म्हणाल्या. "पण तो निजलो, म्हणजे कोणतरी होतो ना. देवबापावर भरवसो होतोच, त्या माणसावर पण होतो."

धन्य तो झोपणारा! आणि धन्य ती उशी! दोन हजार वर्षांपूर्वीची माझी ती थोरली बहीण किती भाग्याची! मी धाकूच्या वजनाखाली दबून तिचा हेवा करत होते.

रविवार उजाडला. मासळी घेऊन परतताना वारा फिरला आणि नदीच्या तोंडाशी लाटा फुटू लागल्या. धाकू मान डावीकडे वळवी, उजवीकडे वळवी. एक लाट त्याला न दिसताच कुशीवर आदळली आणि होडी कलली. माझं तर पाणी पाणी झालं.

"गौरवी, हंय ये."

ती आली. त्यानं दांडा तिच्या हाती सोडला. लगेच पुन्हा हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा केला, पुन्हा घेतला. मग त्यानं मला आपल्या बुडाखालून ओढून काढलं, मुलीच्या पायाशी ठेवलं आणि माझ्यावर डोकं टेकून डोळे मिटले.

मित्रांनो, सहा वर्षांनी मी उशी झाले! त्याच्या कानशिलातली नस माझ्या कापसात धाडधाड उडत होती. वादळबिदळ काही थांबलं नाही हो. गौरवी लाटा मोजत थांबली, मोठी लाट जाऊ दिली आणि तिच्या पाठोपाठ होडी आत घातली. मग धाकूच्या कानशिलातली ती धडधड मंदावली, आणखी मंदावली. होडी वाळूला लागली.

"बाबा, पावलो."

हा बाबा चक्क घोरत होता!

मोरजीचा माणूस वाळूत उभाच होता. "धाकू खंय?" तो ओरडला. "होडी बघूक आयलंय!"

धाकूनं डोळे उघडले नाहीत. "होडी तिची. तिका विचार," तो पुटपुटला. "आनी माका निजूक दी."

गौरवीनं तोंड फिरवलं आणि ओल्या बाहीनं डोळे पुसले.

मित्रांनो, आता माझ्यावर कुणी बसत नाही. सुमंगला अधूनमधून मला उन्हात टाकते, नवा अभ्रा घालते. तुमच्याही घरात वर्षानुवर्षं मान ताठ धरून बसलेलं कुणीतरी असेल. त्याला विश्वासावर भाषण देऊ नका. दांडा नीट धरायला शिका, आणि मग त्याच्या डोक्याखाली हळूच एक उशी सरकवा.