चतुराबाईच्या दोरावरच्या चिंध्या

भूतारण बँकेत लागून मला तीन महिने झाले होते. हैदराबादहून बी.एस्सी. होऊन आलेला, म्हणून परभणीचे मॅनेजर दिनकरराव मला विहिरींचीच प्रकरणे देत. जमिनीवर दुसऱ्या कुणाचा बोजा नाही ना हे तपासायचे, पाणी लागेल का ते पाहायचे आणि शिफारशीवर सही करायची. त्या सहीशिवाय कर्ज मिळत नसे.

निजामी फसली १३५१ च्या, म्हणजे इसवी १९४१-४२ च्या, पौषात मी ताडकळसला चतुराबाईच्या शेतावर गेलो. नवरा वारल्यावर नऊ एकर तिच्या नावावर झाले होते. तेच तारण ठेवून तिला विहीर पाडायची होती. आल्याआल्या मी शेजारच्या दोन विहिरी टेपने मोजल्या. खालच्या अंगाला मुंजाजीच्या विहिरीत पाणी अकरा हातांवर, वरच्या अंगाला आश्रुबाच्या विहिरीत सव्वीस हातांवर. अर्ज मात्र वरच्या अंगाचा, चाळीस हात खोलीचा होता.

"जागा खाली घ्या, आजच शिफारस करतो," मी म्हणालो.

"न्हाई घ्यायची."

"पाणाड्यानं ही वरची दाखवली का?"

"त्यो मुंजाजीच्या घरी जेवतो. त्याचा पानी दावनारा नारळ खालीच फिरतो."

ती घरातून अंबाडीचा लांब दोर घेऊन आली. जागोजाग चिंध्या बांधलेल्या. मुंजाजीच्या विहिरीच्या लाल, आश्रुबाच्या पांढऱ्या. सहा वर्षे ती दोन्हीकडून पाणी भरत होती आणि दर पौषाला, दर चैत्राला पाण्याच्या पातळीची खूण बांधत होती. चैत्राच्या चिंधीला दोन गाठी.

"साहेब, तुमी पुसात आलाव. पुसात समद्यांकडंच पानी असतंय."

माझे आकडे मी तिला सांगितले नव्हते. "यंदाच्या पुसाच्या दाखवा," म्हणालो आणि दोरावर टेप लावला. लाल चिंधी अकरा हात आणि वर एक मूठ. पांढरी बरोबर सव्वीस.

मग चैत्राच्या मोजल्या. लाल चिंध्या सहापैकी चार वर्षे थेट विहिरीच्या तळावर. पांढरी एकोणतीसच्या खाली फक्त एकदा गेलेली, तीही दोनच हात.

एका सकाळच्या मोजमापावर मी तिचे नऊ एकर बुडवायला निघालो होतो.

"हा दोर बँकेत न्यावा लागेल."

"आन पानी कशानं काढू? तुमच्या टेपानं?"

म्हणून चोवीस चिंध्यांचा तक्ता तिथेच बसून केला आणि खाली तिचा अंगठा घेतला.

दिनकररावांनी तक्ता दोनदा पाहिला. "पाणाड्याचा दाखला कुठंय? दर फायलीत असतो."

"त्यानं एक दिवस पाहिलं. बाईंनी सहा वर्षं."

"विहीर कोरडी गेली तर जमिनीचा लिलाव होईल. सही तुमची असेल."

"म्हणूनच खालच्या जागेवर ती मिळणार नाही."

त्यांनी लेखणी पुसली. मग लिहिले: मंजूर, तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्त्याआधी अधिकाऱ्याने स्वतः खोली मोजावी.

चैत्रात दुसऱ्या हप्त्यासाठी गेलो. मुंजाजीच्या विहिरीत बायका तळाशी उतरून वाटीने घागर भरत होत्या. चतुराबाईची अर्धवट खणलेली विहीर अजून कोरडी होती.

"आश्रुबाची यंदा एकोनतीसला हाय," ती म्हणाली. "माजं रान त्याच्याहून चार हात वर. तेहतीसला पानी लागंल, तवा बोला."

मी टेप सोडायला वाकलो, तर तिने हात आडवा धरला.

"थांबा. आदी माजा दोर. तुमचा आकडा मागून सांगा."

तिचा दोर चोवीस हात उतरला. माझा टेपही. अजून नऊ हात होते. मुरुमाच्या ढिगावर कागद ठेवून मी दुसऱ्या हप्त्यावर सही केली.