माळ कुणी फोडला

निरवांगीत दत्तोबा आबांसमोर माळाचा विषय काढायचा नाही, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. एकदा सुरू झाले की चहा निवतो, म्हशी धारेसाठी हंबरतात, पण आबा काही माळावरून खाली उतरत नाहीत. "नुसतं जंगल हुतं. बाभळी, तरस, लांडगं. म्या फोडला त्यो माळ." मध्ये कुणी बोलत नाही. आमच्याकडे माळ फोडून शेत करणाऱ्याला मोठा मान, आणि म्हाताऱ्या माणसाचं बोलणं तोंडावर खोडून काढायची रीत नाही. मीही शाळेत होते तेव्हापासून मान डोलावत आले.

त्या तीन एकर माळावर आबांनी नऊ वर्षांपूर्वी करंज लावला. सगळा गाव उसात आणि हे करंजात; लोकांनी वेड्यात काढलं. गेल्या वर्षी पाइपलाइन माळापर्यंत आली, तेव्हापासून त्यांचा मुलगा दिग्विजय झाडं काढून ऊस लावायचं म्हणत होता. आबांनी त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतला. कारण बारामती एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिनं करंजाच्या बियांचं तेल विमानाच्या इंधनासाठी पाठवायचं ठरवलं होतं. बी घेतलं गेलं तर झाडं राहणार, नाहीतर ऊस. बापलेकांत एवढंच ठरलं होतं.

मी, रुक्सार, कंपनीसाठी गावोगावच्या बागांची माहिती भरते. यादीत आबांचं नाव मीच हौसेनं घातलं. आबा तर पारावर सांगत सुटले, "आता इमान माज्या झाडांवर उडंल."

फेब्रुवारीत बेंगळुरूहून तपासणीला साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून मध्ये मी. त्यांनी विचारलं, ही जमीन लागवडीखाली कधी आली? आबांनी छाती पुढे काढली.

"दोन हजार चौदा. पोकलेन लावून फोडला. त्याआदी हितं जंगल हुतं, जंगल. तरसं फिरायची."

मी ते हिंदीत सांगितलं. तरसासकट सांगितलं. साहेबांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि गाडीत बसताना मला नियमाची आठवण करून दिली. दोन हजार आठनंतर जंगल किंवा गवताळ रान मोडलेल्या जमिनीतलं बी विमानाच्या इंधनाला चालत नाही. जंगल तोडून विमानं उडवायची नाहीत. नियमात वाईट काहीच नाही. मला तो प्रशिक्षणात शिकवलाही होता, आणि नेमका त्या वेळी आठवला नाही. त्याचा मला अजून स्वतःवर राग येतो.

संध्याकाळी आबांना जाऊन सांगितलं. ते दाढी खाजवू लागले.

"पोकलेन खड्डं घ्यायला आलं हुतं," मग म्हणाले. "रोपांचं खड्डं. माळ आदीच फुटल्याला हुता."

"कवा, आबा?"

"बहात्तरच्या दुष्काळानंतर. भिमानं फोडला."

भिमा म्हणजे आबांचा थोरला भाऊ, बारा वर्षांपूर्वी वारला. त्यानं एकट्यानं पहारीनं दगड काढले आणि चाळीस वर्षं तिथं मटकी-बाजरी केली. मूलबाळ नव्हतं. जमीन आबांकडे आली आणि जमिनीबरोबर ती गोष्टही आबांनी घेतली. भिमाची बायको द्वारकाबाई त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. तिनं कधी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तिच्या दारात जाऊन उभे राहिले. मी रेकॉर्ड करायला मोबाइल धरला. दिग्विजय होता, धुणं टाकून आलेल्या शेजारच्या बायका होत्या.

"माळ माज्या भावानं फोडला," आबा म्हणाले. "म्या न्हाय. म्या आजवर खोटं बोललो."

त्या माणसाला असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे उभे होते.

"बारा वर्सं आयकतीय," द्वारकाबाई म्हणाली. "एकदा वाटलं, इचारावं. मंग म्हणलं ऱ्हाऊ द्या, आधार तुमचाच हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मी लिहून नेलेल्या जबाबावर अंगठा दिला.

इंदापूरला जाऊन मी जुने सातबारे काढले. पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द होता, पड, म्हणजे न पेरलेली. एवढा माळ चढून वर कोण जाणार? कुण्या तलाठ्यानं खालूनच लिहिलं आणि पुढच्यानं तेच उतरवलं. उपग्रहाच्या जुन्या फोटोंत मटकीचं रान आणि गवत सारखंच पिवळं दिसत होतं. तरी सगळं जोडलं, वर माझं दीड पान लिहिलं आणि पाठवून दिलं.

अकरा दिवसांनी चार ओळींचं उत्तर आलं. पहिला जबाब सहज दिलेला, दुसरा नियम कळल्यावर दिलेला, दुसऱ्याला कागदाचा आधार नाही, पहिला ग्राह्य. बाग अपात्र, प्रकरण बंद. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. भांडायचं तरी कुणाशी?

मी माळावर जाऊन वाचून दाखवलं. करंज फुलावर आला होता. दिग्विजयनं खाली मान घालून विचारलं, "सोमवारी मशीन सांगू का, आबा?" आबांनी मान डोलावली. तो गेल्यावर माझ्याकडे वळले.

"त्यांनी कोन्तं खरं धरलं म्हन्लीस?"

"पयलं."

"म्हंजी कागदावर माळ म्याच फोडलाय."

"व्हय, आबा."

"आन द्वारकाबाईचा अंगठा?"

"त्यो न्हाय धरला."

आबा एका बुंध्याला टेकले. "झाडं जात्याल तर जाऊ देत, पोरी. तेवढं नाव बदल. भिमाचं घाल."

मी टॅब उघडला. जमीन प्रथम लागवडीखाली आणली: दत्तोबा, २०१४. त्यावर बोट ठेवलं, पण प्रकरण बंद झाल्यावर रकाना उघडत नाही. आबांना वाचता येत नाही. ते वाकून माझ्या बोटाकडे बघत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा बोट ठेवलं.