दोन चंद्रांचं पाणी

त्या वर्षापर्यंत माझ्या नऊ विज्ञानकथा नऊ संपादकांकडून परत आल्या होत्या. प्रत्येकीला छापील चिठ्ठी टाचलेली, 'साभार परत'. हे आभार नक्की कसले, ते मला कधी कळलं नाही आणि दर वेळी माझं डोकं फिरायचं. दिवसभर मालाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायचे, संध्याकाळी वाचनालयातून दिवाळी अंक आणून त्यातल्या विज्ञानकथा तेवढ्या वाचायच्या आणि ह्याहून बरं मी लिहिते म्हणत चडफडायचं, असं माझं साहित्यिक जीवन. नवरा, चंद्रप्रकाश, म्हणायचा, "वनमाला, एखादी साधी सासू-सुनेची लिही ना यार. लगेच छापतील." मी त्याला मुकाट्याने जेवायला वाढायची.

१९८४ च्या जुलैत दहावी कथा परत यायच्या ऐवजी पोस्टकार्ड आलं. संपादक विद्याधरपंतांच्या अक्षरात तीन ओळी होत्या. कल्पना नवी आहे, शेवट पटत नाही, आठ दिवसांत नवा शेवट आला तर दिवाळी अंकात घेऊ. मी कार्ड देवापुढे ठेवलं, साखर ठेवली, आणि मग कथा पुन्हा वाचायला घेतली. माझ्या ग्रहाला दोन चंद्र होते. दोन्ही एका रेषेत येतात, प्रचंड उधाण येतं आणि किनाऱ्यावरचं गाव वाहून जातं. ह्यात न पटण्यासारखं काय होतं? पाच दिवस गेले तरी एक ओळ सुचेना.

सहाव्या दिवशी सरूबाई आली. मनोरीची कोळीण, मार्वेच्या बोटीने खाडी ओलांडून मालाडला मासळी आणायची, आमच्याकडे तर सात वर्षं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, म्हणून टोपलीत सुके बोंबील होते. माझं तोंड बघून ती दारातच बसली.

"काय गो बाय, कोन मेला?"

"माझी गोष्ट मेली, मावशी."

तिने सांग म्हटलं, मी सांगितली. गाव वाहून गेल्यावर ती चक्क हसायला लागली.

"तुजी मान्सं येडी हायत काय? उधान कवा येनार ते आमच्या शेंबड्या पोराला पन ठावं असतं. तिथी बगायची, होरी वर वडायची, सामान उचलायचं. दोन चंद्र हायत तर दोन तिथ्या बगतील. वाहून जायला ती काय मालाडची हायत?"

मला राग आला. पाच दिवसांचा सगळा तिच्यावर काढला. "मग तुम्ही घाबरता तरी कशाला गं?"

ती बोंबील निवडायची थांबली. "पानी येत नाय तवा घाबरतो. होरी खाडीच्या तोंडाशी येते आनि भरती नसते. मदी नुसता चिखल. मानूस दिसतो, हाक ऐकू येते, पन त्याला आत येता येत नाय. तुजे दोन चंद्र भांडले, एक हिकडं वडतो, एक तिकडं, तर पानी हलंल काय?"

मी कागदावर दोन चंद्र काटकोनात काढले, बाण काढले. जिथे एकाची भरती तिथेच दुसऱ्याची ओहोटी. पाणी हलणार नव्हतं. विज्ञानाची पदवी माझ्याकडे होती आणि विज्ञानकथा तिने लिहिली होती. त्या बाईचे पाय धरावेत असं मला वाटलं. प्रत्यक्षात चहा दिला.

आठव्या दिवशी रजा टाकून नवा शेवट गिरगावात विद्याधरपंतांच्या हातात नेऊन दिला. दिवाळीच्या आधी अंक आला, त्यात माझं नाव. चंद्रप्रकाशने तो अख्ख्या मजल्याला दाखवून आणला, सासू-सुनेचं काही बोलला नाही. रविवारी सकाळी अंक आणि एक साडी घेऊन मी मनोरीच्या बोटीत बसले.

सरूबाईने साडी बाजूला ठेवली. "पयला वाच." तिच्या ओटीवर पाच-सहा बायका सुकट निवडत होत्या, त्याही ऐकायला सरसावल्या. मी वाचलं. पाणी हलत नाही. होड्या समोर उभ्या. चार दिवस होतात, होड्यांवरचं पिण्याचं पाणी संपतं. मग गावातल्या बायका घरोघरची दारं बिजागऱ्यांतून काढतात. चिखलावर एकापुढे एक टाकत जातात, मागचं उचलून पुढे, आणि आपली माणसं त्यावरून चालवत घरी आणतात.

बायका सरूबाईकडे बघू लागल्या. पुन्हा काहीतरी चुकलं, असं मला वाटलं.

"माजा घरवाला, तुलशीदास, तसाच गेला," सरूबाई म्हणाली. "तापानं फनफनला व्हता. होरी समोर, मी बंदरावर हुबी. पानी येईपर्यंत संपला." ती आपल्या घराच्या दाराकडे बघत होती. "दारं आमच्याकडं पन व्हती गो. कोनाला सुचलंच नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, मला माहीत असतं तर..."

"तर तू लिवलं नसतंस. बरं झालं, तुला ठावं नव्हतं." तिने पदराने तोंड पुसलं. "लई उपकार झाले तुजे. आता ते दारांचं परत वाच. सावकाश वाच. आनि होरीवर एक तापलेला मानूस घाल. त्याला पन आन."

छापलेल्या कथेत असा माणूस कुठेच नव्हता. मी अंक तोंडासमोर धरला आणि वाचू लागले. बायका होडीपाशी पोचल्या, तापलेल्या माणसाला त्यांनी एका दारावर आडवं घातलं, चौघींनी ते उचललं आणि बाकीच्या दारांवरून चालत त्याला घरी आणलं. त्याच्या बायकोने त्याला पेज पाजली. दोन दिवसांनी ताप उतरला.

"कुठल्या पानावर हाय ते?" सरूबाईने विचारलं.

मी पान दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या पानावर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.