सरळ भिंत

गवंड्याने सहा फुटी पट्टी भिंतीला टेकवली आणि बायकोला बॅटरी धरायची खूण केली. पट्टीच्या खालून उजेड आला. एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी.

"थोडाच आहे," बायको म्हणाली.

"उजेड थोडा नसतो. असतो, नाहीतर नसतो."

चाळीस वर्षं त्याच्या गिलाव्यावर पट्टी चिकटून बसत आली होती. याच्या भिंतीवरून माशीसुद्धा घसरते, असं बाकीचे गवंडी चेष्टेने म्हणत. पण अलीकडे उजवा हात कापू लागला होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. हे वाढत जाणार, मधूनच एखादा दिवस बरा जाईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तरीही या घराचं काम त्याने घेतलं. एक भिंत, एकच, पूर्वीसारखी साधते का ते त्याला बघायचं होतं. मग करणी ठेवून द्यायला तो मोकळा होता.

घरमालकीण आत आली. ही खालची खोली तिची. तिला इथे काहीच नको होतं. ना कपाट, ना तसबीर, ना एखादा खिळा. चार पांढऱ्या भिंती आणि मध्ये एक बसकी खुर्ची, एवढंच. तिने भिंतीला गाल लावून एक डोळा मिटला आणि मुकादमासारखं पाहिलं.

"मिस्त्री, लाटा दिसताहेत हो."

"दिसताहेत, बाई."

"खोलीत दुसरं काही नसणार. मग नजर जाणार ती लाटांवरच. वाईट वाटून घेऊ नका, पण मी यावर कारखान्यातले गुळगुळीत तक्ते बसवून घेते."

वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती खरं तेच बोलत होती.

तिच्यामागून तिचा नवरा आला. त्याने तळवा भिंतीवर टेकवला आणि हळूहळू पुढे नेला.

"ही झाकणार तू? अगं, किती जिवंत आहे!"

"तुझी जिवंत भिंत ने वर तुझ्या खोलीत. मला शांतता हवी."

"शवागारातपण शांतताच असते."

"आणि भंगाराच्या दुकानात जीव असतो, नाही का?"

हे भांडण घरात जुनं असावं. दोघांनाही पुढची वाक्यं पाठ होती. बाई निघून गेली. मालक गवंड्याकडे वळला.

"जपानी लोक याला वाबी-साबी म्हणतात, मिस्त्री. वस्तू झिजलेली असली, थोडी वाकडी, अपुरी असली, की तिच्यात माणूस दिसतो. असा हात बसायला किती वर्षं लागली तुम्हाला?"

"वर्षं कसली. काही महिने."

मालकाला तो विनय वाटला. तो खूश होऊन हसला.

"वरची खोली मला अशीच करून द्या. फक्त मुद्दाम केल्यासारखी वाटायला नको."

दुपारी गवंडी आणि त्याची बायको जिन्यात डबा सोडून बसले.

"वाबी न् साबी," बायको म्हणाली. "जुळ्या पोरींची नावं वाटतात."

"हसू नको."

"मग काय रडू? तुमची थरथरसुद्धा खपली. एवढं नशीब कुणाचं असतं?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"खालचीला हात दिसायलाच नको आणि वरच्याला बिघडलेला हवा. धड हाताचं गिऱ्हाईक कुठं राहतं, तेवढं सांग."

"ते वारलं असेल," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडापर्यंत गेला आणि एक थेंबही सांडला नाही. त्याच्या ते लक्षात आलं. तिच्याही आलं. दोघंही काही बोलले नाहीत, दृष्ट लागेल अशा भीतीने.

वरच्या खोलीत ती घमेली भरून देत होती आणि तो थापत होता. मालकाने काय सांगितलंय हे त्याला आठवत होतं. पण हात आज त्याचा होता, आणि हाताला दुसरं काही येत नव्हतं. भिंत पुरी झाल्यावर त्याने पट्टी लावली. बायकोने बॅटरी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. काळोख. त्याने पट्टी आडवी लावली, तिरपी लावली. कुठूनही उजेड नाही.

"झाली की हो," ती कुजबुजली.

त्याचे डोळे भरले होते.

मालक वर आला आणि दारातच थबकला.

"हे काय केलंत, मिस्त्री?"

"चांगली आहे, साहेब."

"चांगली आहे हो. पण कुणाचीच वाटत नाही. यात तुम्ही कुठे दिसत नाही."

"खाली बाईंना दाखवू का?" गवंड्याच्या बायकोने विचारलं.

"तिचे तक्ते सकाळीच आले." खालून ड्रिल मशीनचा आवाज येतच होता. "अजून ओली आहे ना? मग बदलता येईल?"

"गिलावा धरायला तासभर लागेल."

"मग करा सावकाश. कालचा तुमचा हात आणा, बास." आणि तो खरोखरच आपुलकीने त्याच्या खांद्यावर थोपटून गेला.

गवंड्याने करणी उचलली. एक लाट काढली. ती काढल्यासारखीच दिसत होती. त्याने घोटून टाकली. दुसरी काढली, तीही घोटली. घोटलेली जागा पुन्हा तशीच सपाट झाली.

"मी फिरवू का?" बायको म्हणाली.

"तुझा हात कुठं मागितलाय त्यांनी?"

त्याने बादली पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. उजवा हात गुडघ्यावर ठेवला. तीही शेजारी जमिनीवर टेकली.

"आता काय करताय?"

"वाट बघतोय."

तीही त्या हाताकडे बघत राहिली. खिडकीच्या बाजूने भिंतीची कड सुकून पांढरी पडू लागली होती. हात मात्र गुडघ्यावर न कापता गुमान पडून होता.